बांगडे आलेत म्हणे

ताप कधीपासून येतोय, असं डॉक्टर देसाईंनी विचारलं तेव्हा भगवंतरावांनी उत्तर देण्याआधी वासंतीकडे पाहिलं. फार वेळ नाही, पापणी लवावी इतकंच. पण ही नजर तिच्या ओळखीची होती. सिल्व्हासाच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवण्यात तिचा जन्म गेला होता आणि ही नजर तिने वर्गात किती वेळा पाहिली होती याला गणती नव्हती. शाळा तपासायला साहेब येतात, एखाद्या पोराला उभं करतात, विचारतात, सांग बाळ, पाऊस कुठून येतो? पोराला उत्तर येत असतं, अगदी ओठांवर आलेलं असतं, तरी ते आधी बाईंकडे बघतं. बाईंना कुठलं उत्तर हवंय? काय सांगितलं तर बाई खूश होतील, काय सांगितलं तर साहेब गेल्यावर बोलणी बसतील? त्या एका क्षणात खरं उत्तर बाजूला पडतं आणि पोर भलतंच काहीतरी सांगून मोकळं होतं. तशाच नजरेने तिचा साठी उलटलेला नवरा, तपासणीच्या टेबलावर उघड्या अंगाने बसून, तिच्याकडे बघत होता. आणि मग म्हणाला, "तसा अधूनमधून येतो हो. संक्रांतीला फ्लू झालेला, त्याचीच कसर असणार."

"काका, उत्तराण कधीच गेली," डॉक्टर म्हणाले. "झाडावरचे पतंगसुद्धा फाटले. बाहेर होळीची लाकडं रचतात ते बघितलं ना?" डॉक्टर तरुण होते, वलसाडकडचे, मराठी बोलताना मध्येच गुजरातीत घसरायचे. त्यांनी नळी कानात घातली आणि ती भगवंतरावांच्या छातीवर ठेवली. वासंती काहीतरी बोलायला गेली तर त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं. वर्गात ती करायची तसंच. मग त्यांनी भगवंतरावांना डाव्या कुशीवर वळायला सांगितलं आणि डोळे मिटून पुन्हा ऐकत राहिले. इतका वेळ काय ऐकतायत, असं तिला वाटलं. रस्त्यावरून किलवणी नाक्याकडे जाणारा टेम्पो गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत ते थांबले आणि पुन्हा ऐकू लागले. मग म्हणाले, "हात दाखवा, काका." भगवंतरावांनी तळहात पुढे केले. "असे नाही, पालथे." नखांच्या खाली बारीक लालसर रेघा होत्या, एकेका बोटाला एक, कुठे दोन, कुसळ रुतून बसावं तशा उभ्या. "आ केम थयू? हे कसं झालं? कधीपासून?" पुन्हा ती नजर. या वेळी मात्र ती त्यांच्या आधी बोलली. "ती लाल शाई आहे, डॉक्टर. अथालच्या कारखान्यात हिशेबाचं काम करतात. किती वेळा सांगितलं, हात धुऊन या म्हणून." डॉक्टरांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि एक नख नीट घासून पुसलं. रेघ तिथेच होती. "बेन," ते हळूच म्हणाले, "शाई असती तर निघाली असती."

सोमवारी प्रार्थना झाली की ती वर्गातल्या सगळ्यांची नखं बघायची. पोरं बाकाच्या कडेवर हात पालथे ठेवून बसायची आणि ती रांगेतून फिरत एकेक बोट हातात घ्यायची. कोणाच्या नखात माती असायची, कोणाच्या नखात हळद, वारली पाड्यांवरून येणाऱ्या पोरींच्या नखात कधी भाताच्या पिठाचा पांढरा रंग. नखावरून घर कळतं, असं ती नव्या शिक्षिकांना सांगायची. आणि ते खरंही होतं. तिने नखांवरून कोणाची आई आजारी आहे ते ओळखलं होतं, कोणाला घरी भांडी घासायला लावतात ते ओळखलं होतं. मग तिच्या समोर रोज चहाची बशी धरणारी ही दहा नखं? तिने ती बघितली नव्हती असं नाही. बघितली होती, आणि बघून पाहिजे तो अर्थ लावून टाकला होता. महाशिवरात्रीच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाताना ती म्हणाली होती, "शी, ते हात बघा. माझ्या वर्गात असतात तर नळावर पाठवलं असतं." भगवंतराव उठून खरंच मोरीवर गेले होते. बराच वेळ पाणी वाहत होतं. ते काय घासत होते तेव्हा? त्यांना तर ठाऊक होतं, की त्या आठवड्यात त्यांनी लाल शाईला हातच लावला नव्हता.

दवाखान्यातून घरी जाताना रिक्षा खड्ड्यांतून हेलकावत होती आणि भगवंतरावांचा खांदा तिच्या खांद्यावर येऊन आदळत होता. हाडच लागत होतं. कधी झाला हा खांदा असा? डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, तिच्याशी पहिलीच्या पोराशी बोलावं तसं, हातवारे करून. हार्टला आत दरवाजे असतात, बेन, उघडतात, बंद होतात. काकांचा एक दरवाजा लहानपणापासून जरा खरबरीत असणार, कधी सांधे सुजून ताप आला होता काय? मग यंदा फ्लू आला. त्याने अंगातली ताकद खाल्ली. ताकद नसते तेव्हा जंतू आत शिरतात, दाताकडून म्हणा, घशाकडून म्हणा. रक्तातून फिरतात आणि खरबरीत जागा मिळाली की तिथे चिकटून घर करतात. मग रोज थोडा ताप, थोडी थंडी, भूक नाही, वजन उतरतं. माणूस एकदम पडत नाही म्हणून कोणाला कळत नाही. नाक्यावरच्या गोळ्या घेतल्या की दबतो, गोळ्या सोडल्या की परत येतो. उद्याच वलसाडला भरती करा, रक्त तपासतील, त्यात कुठला जंतू वाढतो ते बघून मग इंजेक्शनं चालू करतील, खूप आठवडे. कोणाला कळत नाही, हे डॉक्टर चांगुलपणाने म्हणाले होते. पण ती काही 'कोणी' नव्हती. पोरांचं दुखणं खरं की खोटं ते ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, अशी तिची अख्ख्या सिल्व्हासात ख्याती होती. हेडमास्तरसुद्धा शंका आली की पोराला तिच्याकडे पाठवायचे. वासंतीबाई बघतील.

ती युक्ती तिची स्वतःची होती. पहिलीच्या पोरांचं पोट दुखतं. पाढे म्हणायची वेळ आली की दुखतं, नवा शर्ट मळला म्हणून दुखतं, आईची आठवण आली की दुखतं. कारखान्यांच्या चाळींतून येणारी खानदेशी पोरं डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "बाई, मन्हं पोट दुखस." बाकीच्या बाई ओरडायच्या नाहीतर सरळ घरी पाठवायच्या. वासंती दोन्ही करत नसे. ती पोराला जवळ घ्यायची, पोटावर हलकेच हात ठेवायची आणि भलतंच विचारायची. "काय रे, तुमच्या शेळीला पिल्लं झाली का?" पोराचा चेहरा फुलला, "व्हयनात ना बाई, दोन! एक काळं से," असं करून ते पिल्लांच्या कानांपर्यंत पोचलं, की समजायचं पोट ठीक आहे. हाताखालचं पोट तेवढ्या वेळात मऊ झालेलं असायचं. आणि शेळीचं नाव काढूनही पोर कळवळतच राहिलं तर पाणी पाजून घरी पोचवायचं. या परीक्षेत ती कधी चुकली नव्हती, निदान तिला तसं आठवत नव्हतं. घरी आल्यावर ती या गोष्टी रंगवून सांगायची. कोणाला शेळी, कोणाला मामाची सायकल, कोणाला दादऱ्याच्या बागेतल्या होड्या. भगवंतराव ऑफिसातून येऊन झोपाळ्यावर बसलेले असायचे, हसून म्हणायचे, "आमच्या तेंडोलीच्या मास्तराकडे एकच प्रश्न, शेवग्याची छडी." मग एकदा त्यांनी ते सांगितलं होतं. सातवीत असताना त्यांचे गुडघे सुजून टरारले होते, ताप होता, कवायतीला उभं राहवेना. मास्तर म्हणाले, सोंग करतो, आणि पोटऱ्यांवर छड्या दिल्या. त्यानंतर ते दोन-तीन महिने अंथरुणात होते. गुडघा बरा झाला की कोपर सुजायचं, कोपर बरं झालं की मनगट. "आणि खरंच दुखत होतं?" तिने विचारलं होतं. "दुखत होतं की. पण मास्तराक काय दिसणार?" यावर ती खळखळून हसली होती आणि म्हणाली होती, "तुम्ही मुळातलेच सोंगाडे असणार, मास्तरांनी बरोबर ओळखलं." तेही हसले होते. लग्नाचं नवंपण होतं तेव्हा, हसायला काहीही पुरत होतं. आता रिक्षात तिला ते हसू ऐकू येत होतं. सांधे सुजून ताप आला होता काय, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही भगवंतराव म्हणाले होते, "आठवत नाही बुवा."

आणि फ्लू तरी कोणी आणला होता घरात? संक्रांतीच्या आधी अख्खा वर्ग खोकत होता. कविता म्हणायला सांगितली तर ओळीपेक्षा खोकलाच जास्त ऐकू यायचा. तिने पोरांची नाकं आपल्याच पदराने पुसली होती, ही तिची नेहमीची सवय. तिला दोन दिवस कणकण आली आणि गेली. भगवंतरावांना मात्र सपाटून ताप भरला, घसा बसला, त्यात एक दाढ ठणकायला लागली, तिच्यात लवंग धरून ते आठवडाभर पडून होते. तेव्हा तिने सगळं केलं. काढा, शेक, मऊ भात. तेव्हा ती रागावली नव्हती. राग आला तो ताप उतरल्यावर. निवृत्तीनंतर भगवंतराव घरात नुसते बसून खंगतील म्हणून तिनेच खटपट करून अथालच्या धाग्याच्या कारखान्यात त्यांना हिशेबाचं काम मिळवून दिलं होतं. ते त्यांना आवडत नव्हतं. जमिनीच्या मोजणीच्या कार्यालयात ज्यांनी आयुष्यभर नकाशे काढले, त्यांना मशीनच्या घरघरीत बसून बॉबिनचे आकडे मांडायला कसं आवडेल? ते तसं बोलत नसत, पण सकाळी चपला घालायला वेळ लावत. म्हणून मग फ्लू जाऊन पंधरवडा उलटला तरी ते "आज अंगात जरा कसर आहे, आज नाही जात" म्हणायला लागले तेव्हा वासंतीने मनातल्या मनात त्यांना पहिलीच्या रांगेत बसवलं. शेजारच्या आक्काबाई शिरपूरकडच्या, त्यांचा सुकदेव त्याच कारखान्यात मशीनवर होता. कुंपणापाशी उभ्या राहून त्या एकदा म्हणाल्या, "ओ बाई, सुकदेव सांगे, काका दुपारले गोणीवर आडवे पडी ऱ्हातस. सायेबनी देखं ते काय म्हनी?" वासंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शिक्षिकेचा नवरा, आणि कामाच्या वेळी गोणीवर झोपतो. "तब्बेत बरी नसेल त्यांची," असं त्याच दमात आक्काबाई पुढे म्हणाल्या होत्या. ते तिने ऐकलं होतं आणि ऐकूनही घेतलं नव्हतं.

भगवंतरावांची शेळी म्हणजे मासे. वेंगुर्ल्याच्या बाजूचा माणूस, समुद्रापासून इतका आत येऊन राहिला तरी जीभ तिकडेच राहिलेली. दमणहून संध्याकाळच्या बसने पाट्या यायच्या आणि बाजारात कोळणी बसायच्या. तो अर्धा-पाऊण तास त्यांना वर्षानुवर्षं कोणी घरात बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते झोपाळ्यावर अंग मुडपून बसले होते, फेब्रुवारीच्या उन्हातही शाल घेऊन, आणि ती पोरांच्या पाट्यांवर खडूने अक्षरं काढून ठेवत होती. ते म्हणाले, "वासंती, आज पुन्हा थंडी वाजल्यासारखी वाटते गो." तिने मान वर केली नाही. पाटीवर 'म' काढता काढता सहज आवाजात म्हणाली, "बांगडे आलेत म्हणे दमणचे. ताजे फडफडीत. आक्काबाई आत्ताच घेऊन गेल्या." थोडा वेळ झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या. मग शाल घडी करून ठेवल्याचा आवाज, खुंटीवरची पिशवी काढल्याचा आवाज. "मग बघून येतो," ते म्हणाले. ती पाटीकडे बघून हसली. युक्ती फसली नव्हती. मग पुढे तिला त्याची सवयच लागली. थंडी म्हणाले की बांगडे, अशक्तपणा म्हणाले की सुरमई. ते दर वेळी उठले, दर वेळी पिशवी घेऊन गेले. एकदा ती त्यांना बांगड्यांवरून उठवून थेट दादऱ्याला, वनगंगेच्या बागेत घेऊन गेली. ते लाकडी पुलावर कठडा धरून थांबले आणि म्हणाले, बदकं बघूया जरा. बदकं नव्हतीच तिथे. नाशिकहून अमृताचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला होता शेजारच्या दुकानात, आई, बाबांचा आवाज असा का येतोय, मोठ्या डॉक्टरांना दाखव ना. तेव्हा दुकानातल्या लोकांसमोर ती हसत म्हणाली होती, "अगं, नाटकं आहेत तुझ्या बाबांची. मासे म्हटलं की टुणकन उठतात." पँट सैल झाली तेव्हा तिने कमरेत टाचून दिली आणि म्हणाली, आता कसे नवरदेव दिसता. त्यांनी आणलेले बांगडे ती तिरफळं घालून करायची, त्यांच्या आईच्या पद्धतीने. ते पहिला घास तोंडात घालून डोळे मिटायचे, वा म्हणायचे, आणि मग बराच वेळ काटे बाजूला करत बसायचे. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात बांगड्याच्या मोठमोठ्या तुकड्या असायच्या. तिने त्यांचं उठणं बघितलं, ताट बघितलं नाही. वर्गात तिने कधी असं केलं नसतं. वर्गात ती पोराने डबा खाल्ला की नाही तेही बघायची.

वलसाडच्या इस्पितळातल्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर आंब्याचं झाड. ते आले तेव्हा मोहर होता, मग बारीक कैऱ्या धरल्या. रक्तात जंतू सापडला, त्याचं लांबलचक नाव तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ती ते विसरली. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली, दर चार तासांनी, आणि भगवंतरावांच्या दंडावर, मनगटावर, जिथे जिथे शीर मिळेल तिथे निळे डाग पडले. ताप हटला. पहिल्यांदाच खरोखर हटला, तेव्हा ते अचंब्याने म्हणाले, "अरेच्चा, असं वाटतं होय बरं असलं म्हणजे!" आणि तिला रडू कोसळलं. शाळेतून तिने बिनपगारी रजा घेतली होती. वर्ग नव्या बाईंकडे होता. सुकदेव एका रविवारी डबा घेऊन आला, बरोबर वर्गातली ममता होती, आक्काबाईंची नात. ती खाटेच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, नव्या बाई शेळीचं विचारत नाहीत. दुखतं म्हटलं की डायरेक घरी पाठवतात." भगवंतराव हसायला लागले, हसता हसता खोकले. "मग मजा आहे तुमची," ते म्हणाले. "नाय आजोबा," ममता गंभीरपणे म्हणाली, "घरी काय मजा? बाईंना खोटं सांगायला मजा यायची. त्यांना कळायचं ना."

सुकदेव आणि ममता गेल्यावर खोलीत कैऱ्यांचा आणि फिनाइलचा वास राहिला. ती त्यांच्या पायांवरची चादर सारखी करत होती. कित्येक दिवस जे विचारायचं टाळत होती ते त्या वेळी तिच्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही का उठायचात? बांगडे म्हटलं की?" तिचा आवाज चढला, कारण तिला तो खाली ठेवता येत नव्हता. "अंगात ताप घेऊन बाजारापर्यंत चालत जायचात. एकदा, एकदा तरी म्हणायचं, नको. मी काय मारलं असतं तुम्हाला?" भगवंतरावांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "वासंती, शेळीचा प्रश्न मला ठाऊक नाही होय? तूच तर रोज सांगायचीस, झोपाळ्यावर बसून. तू बांगडे म्हणालीस की मला कळायचं, परीक्षा सुरू झाली." "मग?" "मग काय मग. तुझं बरोबर आलं की तुझा चेहरा बघण्यासारखा होतो गो. शाळेतून दमून येतेस. तेवढ्यासाठी माणूस बाजारात जाऊन येतो." ते पुढे म्हणाले, "आणि मलाही वाटायचं, मी सोंगच करतोय. त्या कारखान्यात जायचा कंटाळा आहे, म्हणून अंग कुरकुरतं. इतक्या खात्रीने तू म्हणत होतीस, तर असेल तसंच." ती चादरीची कड बोटांत गुंडाळत राहिली. वर्गात एखाद्या पोराने फळ्यावरचं चुकीचं अक्षर तसंच्या तसं वहीत उतरवावं, कारण ते बाईंनी काढलंय, आणि वर्षभर तेच गिरवत राहावं, तसं काहीतरी तिच्या घरात झालं होतं. तिने ते रोज तपासून बरोबरची खूण केली होती.

त्यानंतर ती बदलायचा प्रयत्न करू लागली. त्यांना विचारायची, दुखतंय का, दम लागतोय का, खरं सांगा. ते म्हणायचे, नाही गो. ती त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची आणि तिला काहीच वाचता यायचं नाही. कित्येक पोरांचे चेहरे तिने पुस्तकासारखे वाचले होते, आणि हा एक चेहरा, रोज उशाशेजारी असलेला, तिच्यासाठी कोरी पाटी झाला होता. की तो पहिल्यापासूनच तसा होता, आणि तीच त्यावर हवं ते काढत आली होती? डॉक्टर देसाई सिल्व्हासाहून बघायला आले तेव्हा सांगून गेले होते, जंतू मरतायत हे खरं, पण जाताना दरवाजा कुरतडून गेलेत. तो नीट बंद होत नाही. इंजेक्शनं पुरी झाली की मुंबईला नेऊन तो बदलावा लागेल. तोवर दम लागला, पाय सुजले, झोपून श्वास घेता येईना असं झालं, तर लगेच सांगायचं, एक मिनिट थांबायचं नाही. "समजलं ना काका? बेनला काय वाटेल ते बघायचं नाही." ही गोष्ट डॉक्टरांना कशी कळली, याचं तिला आश्चर्य वाटलं. मग वाटलं, पहिल्याच दिवशी कळली असणार. त्यांनीही ती नजर पाहिली होती.

इंजेक्शनांचे शेवटचे दिवस राहिले होते. सकाळपासून ती खाटेशी स्टूल ओढून बसली होती. पेपर वाचून दाखवला. खिडकीबाहेरच्या आंब्यावर राघू बसला होता, तो दाखवला. भगवंतरावांनी उशीला उशी लावून घेतली होती, बसल्यासारखे टेकले होते, असंच बरं वाटतं म्हणाले. कपाळावर घाम होता, एप्रिलचं ऊन असेल म्हणून तिने पंख्याने वारा घातला. दुखतंय का? नाही. दम? नाही गो, तू वाच. ती वाचत राहिली. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की ते वाक्य संपायच्या आधी श्वास घेतात, लहान लहान, पहिलीतलं पोर अक्षर लावत वाचताना घेतं तसे. तिने पेपर खाली ठेवला. पुन्हा दम लागतोय का, असं विचारलं तर पुन्हा नाही म्हणतील. मग अगदी काही न ठरवता, आवाज सहज ठेवून, खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "बांगडे आलेत म्हणे दमणचे."

भगवंतरावांनी डोळे उघडले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, हसू असावं, आणि एक हात चादरीवरून सरकला, जणू खुंटीवरची पिशवी घ्यायला. मग तो हात तिथेच थांबला. त्यांनी डोळे मिटले. "आज नको गो," ते म्हणाले.

ती स्टूल पाडत उठली. व्हरांड्यात पळू नका, हे वाक्य ती आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा बोलली असेल. ती त्या लांबलचक व्हरांड्यातून पळाली, पदर सुटला, एक चप्पल मागे राहिली, कोणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन येत होतं त्याला धक्का लागला. "सिस्टर," ती ओरडत होती, "सिस्टर, ते नको म्हणाले. नको म्हणाले ते." सिस्टरला काही कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून ती धावली. मग इस्पितळाचे डॉक्टर आले, प्राणवायूचं नळकांडं आलं, तोंडावर मास्क बांधला, शिरेत इंजेक्शन गेलं. आजच मुंबईला हलवायचं, गाडी सांगा, असं कोणीतरी कोणाला तरी म्हणालं. वासंती खाटेच्या पायथ्याशी, भिंतीला टेकून, एका पायात चप्पल घालून उभी होती. डॉक्टर भगवंतरावांच्या तोंडाजवळ वाकले आणि मोठ्याने विचारलं, "काका, श्वास कधीपासून असा होतो?"

ती वाट बघत राहिली. पण भगवंतरावांनी या वेळी तिच्याकडे पाहिलं नाही. ते सरळ डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत होते. एका हाताने त्यांनी मास्क जरासा बाजूला केला.

"सकाळपासून," ते म्हणाले.

ती सकाळपासून तिथेच बसली होती.